तुमचं लोकेशन कोण बघतंय? फोन हातात घ्या, एकेक करून शोधूया

माझ्या मामेबहिणीला नवऱ्याचं घर सोडून दीड महिना झाला होता, तरी ती कुठल्या मैत्रिणीकडे गेली, किती वाजता बँकेत होती, दवाखान्यात किती वेळ बसली हे सगळं त्याला कळत होतं. घरात कोण म्हणे त्याने माणूस मागे लावलाय, कोण म्हणे पोलिसांत ओळख आहे त्याची, कोण म्हणे सिममध्येच काहीतरी टाकलंय. तिने दोनदा सिम बदललं तरी तेच. मी कराडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नऊ वर्षं बसते. तिचा फोन हातात घेतला, प्ले स्टोअर उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर बोट ठेवलं तर आत जीमेल त्याचा. फोन त्यानेच घेऊन दिलेला, त्यानेच सुरू करून दिलेला, तिला स्वतःचा जीमेल असा नव्हताच. तो आपल्या फोनवर गूगलचं हरवलेला फोन शोधायचं ॲप उघडायचा आणि तिचा फोन नकाशावर दिसायचा. हॅकर नाही, पोलीस नाही, काही नाही.

तेव्हापासून दुकानात कुणी विचारलं की ताई माझा फोन ट्रॅक होतोय का बघा, तर मी ह्याच क्रमाने बघते, आधी माणूस, मग ॲप, कंपन्या आणि सरकार सगळ्यात शेवटी. बहुतेक लेख उलटे सुरू होतात, गूगल तुमच्यावर नजर ठेवतंय वगैरे. ते खोटं नाही, पण ज्या बाईला आज संध्याकाळी घरी जायची भीती वाटते तिला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे लोकेशन बघणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो आणि त्याने आपला फोन कधीतरी दहा मिनिटं हातात घेतलेला असतो.

काहीही बंद करायच्या आधी

हे नीट वाचा, घाई करू नका. बघणारा माणूस रागीट असेल, मारहाण करणारा असेल तर लोकेशन एकदम बंद करू नका, कारण नकाशावरून तुम्ही गायब झालात की त्याला लगेच समजतं आणि धोका त्याच क्षणी वाढतो. आधी विश्वासातल्या एका माणसाला सांगा, जायची जागा ठरवा. ही माहिती शोधायची असेल तर मैत्रिणीच्या फोनवर शोधा, स्वतःच्या नको. जे सापडेल त्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा, स्क्रीनशॉट काढला तर तो तुमच्याच फोनात राहतो आणि तिथे त्याचे डोळे असू शकतात. गरज पडली तर 112 सगळीकडे लागतो, महिलांसाठी 181 आहे. आणि अगदी नाजूक ठिकाणी जायचं असेल, वकिलाकडे म्हणा, तर सध्या फोन घरीच ठेवून जाणं हा सगळ्यात साधा उपाय आहे.

तशी भीती नसेल तर पुढचं सगळं तासाभरात उरकतं. तुमचा फोन सॅमसंग असो, शाओमी असो, विवो असो, सेटिंगची नावं थोडी इकडेतिकडे असतात, तेव्हा सेटिंग उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत मी सांगते तो शब्द टाकायचा, सापडतं.

पहिलं काम: फोनमध्ये अकाउंट कुणाचं आहे

सेटिंगमध्ये अकाउंट्स शोधा. तिथे जे जे जीमेल दिसतील ते सगळे तुमचे आहेत का? नवऱ्याचा, भावाचा, जुन्या मित्राचा, ऑफिसचा, ज्या दुकानदाराने फोन सुरू करून दिला त्याचा असा एखादा सापडणं अजिबात नवल नाही. मोबाइल घेताना दुकानवाल्याला "तुम्हीच करून द्या" म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि घाईच्या वेळी दुकानवालाही हाताशी असलेला जीमेल टाकून मोकळा होतो.

परका जीमेल सापडला तर तो काढायच्या आधी स्वतःचा नवा जीमेल काढा, तो फोनमध्ये टाका, कॉन्टॅक्ट आणि फोटो त्यात घ्या, आणि मगच जुना रिमूव्ह करा. अजून एक, इथे बरेच जण अडकतात. चिडून फोन थेट रीसेट मारू नका. जुनं अकाउंट न काढता रिकव्हरी मेनूतून रीसेट केला तर फोन सुरू होताना त्याच जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागतो आणि तुम्ही कायमचे त्या माणसाच्या दारात. चोरीपासून बचाव म्हणून ती सोय आहे पण इथे ती उलटी बसते. आधी अकाउंट रिमूव्ह, मग रीसेट.

जीमेल तुमचाच असेल तरी पासवर्ड कुणाकुणाला माहितीये ते आठवा. सेटिंग, गूगल, मॅनेज युवर गूगल अकाउंट, सिक्युरिटी, तिथे खाली युवर डिव्हायसेस आहे. जिथे जिथे तुमचं अकाउंट चालू आहे त्या सगळ्या फोन-लॅपटॉपची यादी येते. विकलेला जुना फोन, भावाचा टॅब, ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर, जे नको ते साइन आउट करा. मग पासवर्ड बदला, टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा, आणि रिकव्हरीचा नंबर आणि मेल कुणाचा आहे ते विसरू नका, तो त्याचा असेल तर तुम्ही दहा वेळा पासवर्ड बदला, तो अकराव्यांदा बदलेल.

आयफोनवर हेच काम वर तुमच्या नावावर टॅप करून होतं, खाली डिव्हाइसची यादी दिसते. आणि आयओएस 16 पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सेफ्टी चेक म्हणून एक फार चांगली सोय आहे, कोण काय बघतंय ते एकेक दाखवतं आणि तिथल्या तिथे तोडता येतं. त्यातच इमर्जन्सी रीसेट आहे, एका झटक्यात सगळ्यांशी शेअरिंग बंद, पण वरचं धोक्याचं सांगितलंय ते लक्षात ठेवूनच वापरा.

दुसरं: कुणाला शेअर करून विसरलात

गूगल मॅप्स उघडा, तुमच्या फोटोवर टॅप करा, लोकेशन शेअरिंग. कुणाला अंटिल यू टर्न धिस ऑफ, म्हणजे तुम्ही बंद करेपर्यंत, असं दिलं असेल तर वर्षानुवर्षं चालू राहतं. कॉलेजच्या ट्रिपला महाबळेश्वरला जाताना चालू केलेलं शेअरिंग तीन वर्षांनी माझ्या समोर एका मुलीच्या फोनमध्ये सापडलंय, तो मुलगा आता तिचा कुणीच नव्हता.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन त्यामानाने बरं, 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास एवढंच देता येतं आणि आपोआप बंद होतं. सेटिंग, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन इथे चालू असलेलं सगळं दिसतं. पण व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हायसेस मात्र बघाच, कुणी तुमचं व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपवर जोडून ठेवलं असेल तर तुम्ही आईला पाठवलेला "पोचले गं, इथे आहे" हा मेसेज त्यालाही पोचतो. स्नॅपचॅट वापरत असाल तर स्नॅप मॅपमध्ये घोस्ट मोड लावा, मग तुम्ही नकाशावर कुणाला दिसत नाही. आयफोनवर फाइंड माय उघडून पीपल बघा.

तिसरं: लपवून टाकलेलं ॲप

हे कमी सापडतं पण सापडलं की गंभीर असतं. जोडीदारावर नजर ठेवायची म्हणून विकली जाणारी ॲप्स लोकेशनच काय, मेसेज, कॉल, फोटो सगळं पाठवतात. ती लांबून हवेतून येत नाहीत, कुणीतरी फोनचं लॉक उघडून, प्ले स्टोअरच्या बाहेरून फाइल टाकून बसवावी लागतात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की तुमच्या फोनचा पॅटर्न कुणाला माहितीये.

बॅटरी लवकर संपते, फोन गरम होतो, ह्याच्यावर जाऊ नका. जुना फोन म्हटलं की तो गरम होतोच आणि बॅटरी फुगलेली असली तरी हेच होतं. खरं बघायचं ते हे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि डाउनलोड केलेल्या ॲप्सपैकी काय चालू आहे बघा, तुम्ही स्वतः काही लावलं नसेल तर तिथे काहीच चालू नको. मग डिव्हाइस ॲडमिन ॲप्स, मग नोटिफिकेशन ॲक्सेस, मग इन्स्टॉल अननोन ॲप्स. ही ॲप्स नावं साधी घेतात, सिस्टीम सर्व्हिस, सिंक, वायफाय अशी, आयकॉनही दाखवत नाहीत, पण त्यांना काम करायला बहुतेक वेळा ह्यातली एकतरी परवानगी लागते, म्हणून तिथे सापडतात. शेवटी प्ले स्टोअरमध्ये फोटोवर टॅप करून प्ले प्रोटेक्ट, ही गूगलची ॲप्स तपासायची सोय, आणि स्कॅन. प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं दिसलं आणि तुम्ही ते केलेलं नसेल तर ती मोठी खूण समजा, कारण असली ॲप्स बसवताना पहिल्यांदा तेच बंद करायला सांगतात.

सापडलं तर? काढायची घाई नको. दुसऱ्या फोनने फोटो घ्या, तारीख-वेळ दिसू द्या. ॲप काढलं की पुरावाही जातो आणि त्या माणसाला तुमच्याकडून डेटा येणं थांबल्याचं कळतं. तक्रार करायची असेल तर फोन तसाच घेऊन सायबर पोलिसांकडे जा.

चौथं: गाडीला, पर्सला काही चिकटवलंय का

एअरटॅग हा अॅपलचा ब्लूटूथवर चालणारा छोटा टॅग, 2021 मध्ये आला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, आत सीआर 2032 ची साधी सेल, चावी हरवू नये म्हणून केलेला. पण पर्सच्या अस्तरात, स्कूटीच्या सीटखाली कुणी टाकला तर तोच माणूस शोधायचं यंत्र होतो. मे 2024 पासून अॅपल आणि गूगल दोघांनी मिळून असं केलंय की परका टॅग तुमच्यासोबत फिरत राहिला तर आयफोन असो की अँड्रॉइड, तुम्हाला नोटिफिकेशन येतं. वाट बघायची नसेल तर अँड्रॉइडवर सेटिंग, सेफ्टी अँड इमर्जन्सी, अननोन ट्रॅकर अलर्ट्स, तिथे स्कॅन नाऊ. थोडं फिरून परत एकदा करा. सापडला तर त्याचा नंबर दिसतो, आवाजही करवता येतो.

सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर मात्र ह्या स्कॅनमध्ये येत नाही, तो ब्लूटूथवर चालतच नाही. तो बहुतेक वेळा गाडीच्या बॅटरीतून करंट घेतो म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून सीटखाली, बॅटरीपाशी, डॅशबोर्डमागे जादा वायर जोडलीये का बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आता ॲप्स

सेटिंग, लोकेशन, ॲप लोकेशन परमिशन्स. सगळ्यात वर अलाउड ऑल द टाइम असतं. तिथे किती ॲप्स आहेत मोजा. माझ्या हिशोबाने घरच्यांसाठीचं एखादं ॲप आणि हरवलेला फोन शोधायचं सोडलं तर तिथे कुणीही असायला नको. टॅक्सीवाल्याला, जेवण पोचवणाऱ्याला, नकाशाला ॲप वापरताना लोकेशन लागतं, रात्री तीनला तुम्ही कुठे झोपलाय ते नाही लागत. त्यांना ओन्ली व्हाइल युजिंग द ॲप. टॉर्च, कॅल्क्युलेटर, वॉलपेपर, गेम ह्यांना डोन्ट अलाउ.

अँड्रॉइड 12 पासून, आयफोनवर आयओएस 14 पासून, प्रिसाइज लोकेशन, म्हणजे नेमकी जागा, बंद करता येतं. बंद केलं की ॲपला तुमचं घर न कळता अँड्रॉइडवर साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. पाऊस येणार का हे सांगायला तेवढं भरपूर झालं, हवामानाच्या ॲपला तुमच्या बिल्डिंगचा पत्ता कशाला. आणि प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडून लोकेशनवर टॅप करा, कुठल्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते वेळेसकट दिसतं. मी दुकानात हे दाखवते तेव्हा माणसं पहिल्यांदा गप्प होतात.

कर्ज देणाऱ्या ॲप्सबद्दल वेगळं सांगते कारण आमच्याकडे रडत आलेली पोरं मी बघितलीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल बघता येणार नाहीत, लोकेशन आणि कॅमेरा फक्त केवायसीपुरता एकदाच, तोही तुमच्या होकाराने. एखादं ॲप कॉन्टॅक्ट दिल्याशिवाय पुढेच जात नसेल तर तिथेच ते काढून टाका.

लोकेशनच्याच पानावर लोकेशन सर्व्हिसेसमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग आहे. तुम्ही वायफाय बंद ठेवलं तरी फोन आजूबाजूची वायफाय नावं हुंगत राहतो, त्यावरून बिल्डिंगच्या आतही जागा कळते. दोन्ही बंद करा. मग प्रायव्हसीमध्ये ॲड्स, डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी. जाहिराती थांबणार नाहीत, पण वेगवेगळ्या ॲप्सनी गोळा केलेलं तुमचं फिरणं एका नंबराखाली जोडायचा दोरा तुटतो.

ऑफिसचं हजेरीचं ॲप असेल, औषध कंपन्यांचे एमआर, डिलिव्हरी, वसुलीची माणसं, तर कंपनीला ड्युटीवर असताना बघायचा हक्क आहे असं धरून चालू, पण घरी गेल्यावर नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं दिली, त्यावर कामगारांनी आवाज उठवला तो ह्याचसाठी. जमलं तर ऑफिसचा फोन वेगळा मागा, किंवा ॲप वर्क प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोनमधल्या ऑफिसच्या वेगळ्या कप्प्यात, असेल तर सुटी झाली की ते प्रोफाइल पॉज करा.

गूगलची वही

मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टॅप करून युवर टाइमलाइन उघडा. चालू असेल तर तुम्ही कधी कुठे होता ते दिवसवार दिसेल, काहींना तर पाच-सात वर्षांचं. आता गूगलने ही नोंद आपल्या सर्व्हरवरून फोनमध्ये हलवलीये आणि तीन महिन्यांनी आपोआप पुसायची सोय दिलीये, तरी तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर तो ती वही वाचू शकतो. नको असेल तर बंद करा आणि जुनं डिलीट करा.

पण एवढ्यावर थांबू नका. वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी म्हणून दुसरं सेटिंग आहे त्यातही लोकेशन साठतं. लोकेशन हिस्टरी बंद करूनही हे दुसरं चालूच राहायचं आणि लोकांना वाटायचं सगळं बंद झालं, त्यावरून अमेरिकेत 40 राज्यांनी गूगलला धरलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये गूगलने 39 कोटी 15 लाख डॉलर देऊन ते मिटवलं. त्यामुळे गूगल अकाउंटमध्ये डेटा अँड प्रायव्हसी उघडून दोन्ही बघायची.

फोटो

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. डिसेंबर 2012 मध्ये जॉन मॅकॅफी, तो अँटीव्हायरसवाला, पोलिसांपासून लपत होता आणि एका मासिकाने त्याचा फोटो टाकला, फोटोत जीपीएस तसंच राहिलेलं, तो ग्वाटेमालात आहे हे लोकांनी तिथून काढलं. आयुष्यभर कॉम्प्युटरची सुरक्षा विकलेला माणूस असा सापडला.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर सगळी जशीच्या तशी जाते. ओएलएक्सवर गाडी, फ्लॅट, फर्निचर विकायला फोटो टाकताना, लग्नाच्या साइटला फोटो देताना कॅमेऱ्याचा टॅग बंद ठेवा. आणि फोटोत मागे काय दिसतंय तेही बघा, सोसायटीचं नाव, मुलांच्या शाळेचा युनिफॉर्म, गाडीचा नंबर, ह्याला जीपीएस लागत नाही.

लोकेशन बंद केलं तरी काय उरतं

जीपीएसबद्दल गैरसमज खूप आहे. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त उपग्रहाचं ऐकतो आणि आपली जागा स्वतः काढतो. ती जागा पुढे इंटरनेटवरून पाठवतं ते ॲप. म्हणून ॲप धरायचं. व्हीपीएन लावून जीपीएस लपत नाही, त्याने फक्त आयपीवरचं, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरचं, शहर बदलतं.

टॉवर मात्र तुमच्या हातात नाही. सिम चालू आहे म्हणजे फोन कुठल्यातरी टॉवरला जोडलेला आहे आणि ते मोबाइल कंपनीला माहीत असणारच, साधा बटणवाला फोन असला तरी. कॉलच्या नोंदी कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्या लागतात, डिसेंबर 2021 मध्ये ती मुदत एकावरून दोन वर्षं झाली. त्या पोलीस कायद्याने मागवू शकतात. तुमचा शेजारी, नवरा, खासगी गुप्तहेर मागवू शकत नाहीत. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर, म्हणजे ह्याच कॉलच्या नोंदी, मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं. आणि "नंबर टाका, लाइव्ह लोकेशन बघा" म्हणणाऱ्या साइट तर निव्वळ लुबाडणूक, त्या नंबराची कंपनी आणि सर्कल दाखवतात, वर तुमचाच नंबर घेतात.

कायदा थोडक्यात पण लक्षात ठेवा. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 8 जुलै 2024 ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान ह्यांनी तर असं सांगितलं की जामिनावर सुटलेल्या आरोपीनेही गूगल मॅपची पिन टाकून पोलिसांना सतत दिसत राहायची अट घालता येणार नाही. आरोपीला हा हक्क आहे तर आपल्या घरातल्या बाईला नाही का? बाईच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणं, तिच्या इंटरनेट-मोबाइलवर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाचपर्यंत शिक्षा. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणं आयटी कायद्याच्या 66 सी मध्ये येतं. तक्रार सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते, नाहीतर जवळचं पोलीस ठाणं. 1930 नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, पाठलागासाठी 112.

सगळंच बंद करू नका मात्र. हरवलेला फोन शोधायची सोय चालू ठेवा, फक्त ती तुमच्या जीमेलवर आणि पासवर्ड तुमच्या एकटीच्या डोक्यात. मामेबहिणीचं आम्ही वकिलाला विचारून, तिची राहायची जागा बदलल्यावर मगच अकाउंट काढलं. आता ती पुण्याहून रात्रीच्या एसटीने निघाली की मामीला व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाकते, संपलं की परत टाकते, स्टँडवर उतरली की स्वतःच बंद करते.